बोगद्यांनी मोकळा केलेला घाट

स्वित्झर्लंडमधल्या आयरोलो गावातून गॉटहार्ड खिंडीकडे चढणारा जुना रस्ता म्हणजे ट्रेमोला. वरच्या चार किलोमीटरांत चोवीस वळणं, एकावर एक रचलेल्या दगडी आधारभिंती आणि डांबराऐवजी ग्रॅनाइटचे चौकोनी ठोकळे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की टायरखालची खडखड आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा, एवढंच कानावर येतं. पण ही शांतता मुळातली नाही. शतकानुशतकं हा आल्प्स ओलांडायचा हमरस्ता होता.

सारी अडचण खिंडीच्या उत्तरेला, शोलेनेनच्या घळीत होती. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रॉइस नदीवर पूल झाला आणि खेचरांचे तांडे सुरू झाले. लोककथा म्हणते, हा पूल सैतानानं बांधला आणि जो सर्वांत आधी तो ओलांडेल त्याचा जीव मागितला. गावकऱ्यांनी पुढे हाकलला बोकड! चिडून सैतानानं पूल फोडायला उचललेली शिळा गोशेनेन गावाजवळ पडली. १९७० च्या दशकात ती महामार्गाच्या आड आली, तेव्हा २२० टनांचा तो धोंडा फोडला नाही, १२७ मीटर बाजूला सरकवला.

घोडागाडीचा रस्ता मात्र फार उशिरा आला. दक्षिणेकडचा ट्रेमोला १८२७ ते १८३२ या काळात अभियंता फ्रांचेस्को मेस्कीनी यांच्या देखरेखीखाली झाला. (आपल्या बोरघाटातला गाडीरस्ताही १८३० चाच.) टपालगाड्यांची ऐट जेमतेम चार-पाच दशकं टिकली. १८८२ मध्ये पंधरा किलोमीटरचा रेल्वे बोगदा सुरू झाला. त्याच्या कामात सुमारे दोनशे मजुरांचा जीव गेला. कंत्राटदार लुई फाव्रही १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून वारले. वरचा घाट ओस पडला.

मोटारी आल्या तसा तो पुन्हा गजबजला. आज दिसणारी फरसबंदी या मोटारींच्या काळातलीच. मग डोंगराच्या कुशीतून रुंद नवा रस्ता निघाला आणि ५ सप्टेंबर १९८० रोजी १६.९ किलोमीटरचा रस्ताबोगदा खुला झाला. तेव्हा तो जगात सर्वांत लांब होता. २०१६ मध्ये रेल्वेचा ५७ किलोमीटरचा नवा बोगदाही आला.

आता उन्हाळी सुट्टीत बोगद्याच्या तोंडाशी कित्येक किलोमीटरची रांग लागते. घाई असलेले नव्या रस्त्यानं खिंड गाठतात. ट्रेमोलावर उरतात सायकलवाले आणि आमच्यासारखे रिकामटेकडे, तेही बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच.