गॅरेजच्या दाराची स्प्रिंग : झीज आणि बदलण्याची वेळ

गॅरेजचे आडव्या फळ्यांचे दार दोन्ही बाजूंच्या रुळांवरून वर सरकते आणि छताखाली आडवे जाऊन थांबते. त्याचे वजन पेलण्यासाठी बसवलेली ही पोलादी स्प्रिंग. दार उचलण्याचे खरे काम हीच करते. बटण दाबल्यावर मोटरची घरघर ऐकू येते म्हणून श्रेय मोटरला जाते, पण मोटर दाराला फक्त चालना देते आणि कुठे थांबायचे ते ठरवते. स्प्रिंग धड असेल तर ७० किलोचे दार मोटरशिवाय एका हाताने वर जाते. स्प्रिंग तुटली की तेच दार दोन माणसांनाही जड होते.

वर सरकणारे दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये तयार केले आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. तेव्हापासून मोटर, रिमोट, सेन्सर बरेच बदलले. वजन तोलण्याची युक्ती मात्र तीच राहिली.

प्रकार व रचना

स्प्रिंग दोन प्रकारची असते. टॉर्शन स्प्रिंग दाराच्या चौकटीच्या वर, आडव्या शाफ्टवर ओवलेली असते. तिचे एक टोक मधल्या ब्रॅकेटला पक्के आणि दुसरे ‘कोन’च्या, म्हणजे टोकात बसवलेल्या शंकूसारख्या धातूच्या तुकड्याच्या, साहाय्याने शाफ्टला जखडलेले असते. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या ड्रमवरून निघालेल्या तारदोऱ्या दाराच्या खालच्या कोपऱ्यांना बांधतात. दार बंद होताना शाफ्ट फिरतो आणि घड्याळाला चावी द्यावी तशी स्प्रिंग आवळली जाते. उघडताना ती सुटत जाते. एक्स्टेन्शन स्प्रिंग वरच्या आडव्या रुळांच्या बाजूने, प्रत्येक बाजूला एक अशी असते. दार बंद असताना ती ताणलेली राहते आणि उघडताना आखडत जाऊन कप्पीवरून दार ओढते. नावांत एक गंमत आहे. टॉर्शन म्हणजे पीळ, पण टॉर्शन स्प्रिंगच्या तारेवर मुख्यतः वाकण्याचा ताण येतो, आणि ताणल्या जाणाऱ्या एक्स्टेन्शन स्प्रिंगची तार मात्र आतून पिळली जाते.

दार कोणत्याही उंचीवर तोललेले कसे राहते हे समजले की झिजलेली स्प्रिंग ओळखणे सोपे जाते. दार जसजसे वर जाते तसतशा वरच्या फळ्या आडव्या रुळांवर जातात आणि त्यांचे वजन रूळ घेतात. स्प्रिंगला फक्त लोंबणाऱ्या फळ्यांचे वजन उरते. त्याच वेळी स्प्रिंगही सुटत आलेली असते, म्हणजे तिचा जोरही उतरत असतो. ओझे आणि जोर असे बरोबरीने कमी होतात. सात फूट उंचीचे दार आणि दहा सेंटीमीटर व्यासाचा ड्रम धरला, तर दार पूर्ण उघडेपर्यंत शाफ्टचे सुमारे पावणेसात फेरे होतात. स्प्रिंगला साधारण साडेसात वेढे देतात. उरलेला पाऊण वेढा दार उघडे असताना तारदोरी सैल पडू देत नाही.

बंद दाराच्या स्प्रिंगमध्ये किती ऊर्जा साठते? ७० किलोच्या, सात फुटी दारासाठी ती ७०० ते ८०० जूल भरते. एक किलोचा दगड पंचविसाव्या मजल्यावरून खाली येताना जेवढी ऊर्जा घेऊन येईल, जवळजवळ तेवढी. पुढे धोक्याचे जे काही म्हटले आहे ते या एका आकड्यातून येते.

आयुष्य वर्षांत नव्हे, फेऱ्यांत

दार एकदा उघडून बंद झाले की एक फेरी झाली. घरगुती दाराची साधी स्प्रिंग बहुधा १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. दिवसाला चार फेऱ्या होत असतील तर २,५०० दिवस, म्हणजे जेमतेम सात वर्षे. ज्या घरात सगळे गॅरेजच्याच दाराने ये-जा करतात तिथे दिवसाला आठ फेऱ्या सहज होतात आणि हिशोब साडेतीन वर्षांवर येतो. ‘स्प्रिंग किती वर्षे टिकते?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही; आधी घरातल्या फेऱ्या मोजाव्या लागतात. जाड तारेची आणि जास्त लांबीची स्प्रिंग घेतली तर तेच वजन कमी ताणात पेलले जाते आणि आयुष्य २०,००० किंवा ५०,००० फेऱ्यांपर्यंत नेता येते.

तुटण्याचे कारण धातूचा थकवा. एकदाच लावल्यास काहीही बिघडवणार नाही इतका ताण हजारो वेळा आला-गेला तर पोलाद तुटते, हे जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले. स्प्रिंगमध्ये हेच घडते. तारेच्या पृष्ठभागावर, बहुधा गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्याशी, केसासारखी भेग सुरू होते, दर फेरीला किंचित पुढे सरकते आणि एके दिवशी उरलेले पोलाद पुरत नाही. दमट हवेतली स्प्रिंग ठरल्या फेऱ्यांच्या आधीच जाते ती यामुळे.

झिजल्याच्या खुणा

तुटलेली टॉर्शन स्प्रिंग ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. दार बंद असताना ताण सर्वांत जास्त, त्यामुळे ती बरेचदा बंद दारावरच तुटते, पुष्कळदा थंडीच्या रात्री. आवाज इतका मोठा येतो की काहीतरी कोसळले असे वाटते. सकाळी पाहिले तर वेटोळ्यांच्या सलग रांगेत चार-पाच सेंटीमीटरची फट दिसते. मोटर दार वीतभर उचलते आणि थांबते.

तुटण्याआधीच्या खुणा मात्र डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतात. त्यासाठी तोल पाहावा. दार पूर्ण बंद करून मोटरपासून सोडवण्याची लोंबती दोरी, जी बहुधा लाल असते, ओढावी. मग दार हाताने कमरेइतके उचलून हळूच जोर काढून घ्यावा, पण हात जवळच ठेवावा. दार तिथेच राहिले किंवा बोटभर हलले तर स्प्रिंग ठीक. खाली घसरू लागले तर स्प्रिंगचा जोर उतरला आहे. आपोआप वर जाऊ लागले तर वेढे जास्त झाले आहेत. दोरी दार बंद असतानाच ओढायची. दार उघडे आणि स्प्रिंग तुटलेली असेल तर दोरी ओढताच सगळे वजन खाली येते.

एक्स्टेन्शन स्प्रिंग पाहायची ती दार पूर्ण उघडे असताना. तेव्हा वेटोळी एकमेकींना चिकटलेली हवीत. त्यांत उजेड दिसत असेल तर स्प्रिंग कायमची ताणली गेली आहे. टोकाचा आकडा उघडू लागला आहे का, हेही पाहावे. एका बाजूची स्प्रिंग मंदावली की दार तिरके चालते आणि रुळात अडते. या स्प्रिंगच्या पोटातून एक सुरक्षा-तार दोन्ही टोकांना बांधून गेलेली असावी लागते. ती नसेल तर तुटलेली स्प्रिंग गोफणीतून सुटल्यासारखी जाते.

दार जड झाले की मोटरचा जोर वाढवणारा स्क्रू फिरवून काम भागवण्याची सवय बरीच दिसते. यासारखा वाईट उपाय नाही. स्प्रिंगचे ओझे मोटरच्या गिअरवर जाते, वरची फळी वाकू लागते आणि अडथळा लागताच थांबण्याची मोटरची क्षमता बोथट होते. उलट बाजूही लक्षात ठेवावी : दारावर उष्णतारोधक थर चढवला, काच बसवली किंवा लाकडी दार ओल पिऊन फुगले, तर धडधाकट स्प्रिंगही अपुरी पडते. तिथे झालेला बदल दारात आहे आणि स्प्रिंग नव्या वजनाला जुळवून घ्यावी लागते.

बदलताना

दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली तर दोन्ही बदलाव्यात. दोघींच्या फेऱ्या सारख्याच झालेल्या असतात, म्हणून दुसरीही फार काळ मागे राहत नाही. शिवाय एक नवी आणि एक थकलेली अशी जोडी दाराचा तोल कधीच नीट लागू देत नाही.

नवी स्प्रिंग दाराच्या वजनावर आणि उंचीवर ठरते. जुनीवरून माप घ्यायचे तर तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि पिळाची दिशा या चार गोष्टी लागतात. जाडी एका वेटोळ्यावरून मोजू नये. ताण उतरलेल्या स्प्रिंगची चिकटलेली २० वेटोळी पट्टीने मोजून २० ने भागावे : १२७ मिलिमीटर भरली तर तार ६.३५ मिलिमीटरची. जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही स्प्रिंगचा जोर बराच बदलतो.

टॉर्शन स्प्रिंग आवळणे आणि सोडवणे हे सरावलेल्या कारागिराचेच काम. त्यासाठी कोनच्या भोकांत नेमक्या बसणाऱ्या दोन पोलादी कांबी लागतात. त्यांच्याऐवजी स्क्रूड्रायव्हर घालणे हे हाताची हाडे मोडण्याचे नेहमीचे कारण. दाराच्या खालच्या कोपऱ्यातला, तारदोरी बांधलेला ब्रॅकेटही स्प्रिंग आवळलेली असताना सोडू नये. तो पूर्ण ताणाखाली असतो आणि तसे दिसत नाही. घरमालकाने वर्षातून दोनदा स्प्रिंगवर हलके तेल फवारावे, बाकी कारागिरावर सोडावे. रुळांना ग्रीस फासू नये. त्यात धूळ बसते.

टॉर्शन स्प्रिंगवर पुष्कळदा लांबीच्या दिशेने रंगाची एक सरळ रेघ असते. स्प्रिंग आवळली की ही रेघ तिच्याभोवती नागमोडी गुंडाळली जाते आणि दिलेला प्रत्येक वेढा मोजता येतो. सात फुटी दार बंद असताना रेघेचे साडेसात वेढे दिसत असतील आणि तरी दार जड लागत असेल, तर रूळ आणि चाके तपासून घ्यावीत. ती ठीक असतील तर पोलाद थकले आहे आणि स्प्रिंग बदलायची वेळ झाली. वेढे पाच-सहाच उरले असतील तर कोनचे स्क्रू घसरलेले असतात. मग स्प्रिंग तीच चालते, फक्त पुन्हा आवळावी लागते.