डायनोसॉरच्या हाडात कार्बन-१४ येतो कुठून?

‘डायनोसॉरच्या हाडाचं कार्बन डेटिंग केलं, वय निघालं जेमतेम तीस हजार वर्षं!’ अशा अर्थाचा मजकूर अधूनमधून नव्याने फिरू लागतो. गंमत म्हणजे त्यातला आकडा खोटा असेलच असं नाही. तसं हाड यंत्रात घातलं तर तीस हजारांच्या आसपासचं उत्तर खरोखर येऊ शकतं. फक्त ते हाडाचं वय नसतं.

आधी थोडी उजळणी. वैश्विक किरणांमुळे वातावरणात सुटे न्यूट्रॉन तयार होतात. ते नायट्रोजनच्या अणूवर आदळले की कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा आपोआप फुटत जाणारा किरणोत्सारी प्रकार, बनतो आणि कार्बन डायऑक्साइडमार्गे वनस्पतींत, तिथून प्राण्यांत पोचतो. जीव मेला की आवक बंद; असलेला साठा दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. यावरून वय काढण्याची पद्धत विलर्ड लिबी यांनी बसवली आणि १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. पन्नास हजार वर्षांनी मूळ साठ्याचा साधारण चारशेवा भाग उरतो, तिथेच पद्धतीची हद्द संपते. पक्षी वगळता बाकीचे डायनोसॉर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्यांच्या वेळचा एकही कार्बन-१४ अणू आज शिल्लक असणं शक्य नाही.

मग यंत्र नेमकं मोजतं काय? लिबी फुटणारे अणू मोजत. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला साधारण चौदा कार्बन-१४ अणू फुटतात. एक मिलिग्रॅमच हाती असेल, तर त्यात असे सहा कोटी अणू असूनही तासाला सरासरी एकसुद्धा फुटत नाही. फुटायची वाट बघण्यापेक्षा आहेत तेच अणू मोजावेत, ही युक्ती १९७७ मध्ये साधली.

दिसते तितकी ती सोपी नाही. ताज्या कार्बनमध्येही लाख कोटी अणूंमागे कार्बन-१४ चा एखादाच, आणि नायट्रोजन-१४ चं वजन जवळपास तेवढंच. चुंबकातून सोडले तर दोघेही एकाच वळणाने जाणार. यावरचा तोडगा फार देखणा आहे. नमुन्याच्या ग्राफाइटवर सीझियमच्या आयनांचा मारा करतात. उडणारा कार्बनचा अणू एक जादा इलेक्ट्रॉन पकडून ऋण आयन होतो. नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही, त्यामुळे तो दारातच गळतो. उरतात ते तोतये: कार्बन-१३ ला एक किंवा कार्बन-१२ ला दोन हायड्रोजन चिकटून वजन १४ झालेले रेणू. सगळ्यांना लाखो व्होल्टने वेग देऊन विरळ वायूतून नेलं की इलेक्ट्रॉन खरवडले जातात. बंध तुटून रेणूंचे तुकडे होतात, कार्बन-१४ मात्र धन आयन होऊन अखंड बाहेर पडतो. पुढचे चुंबक त्याला वेगळा काढतात आणि तो एकेक करून मोजला जातो.

यंत्र इतकं चोख, पण नमुना? हाडाची पूड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली की खनिज विरघळतं, कोलॅजेन हे हाडातलं प्रथिन उरतं. मातीतून मुरलेली ह्यूमिक आम्लं सोडियम हायड्रॉक्साइडने धुतात. हा अल्कली हवेतला आजचा कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणून शेवटी पुन्हा आम्ल. ही शेवटची धुणी टाळली की घोटाळा झालाच. उरलेल्या कोलॅजेनमध्ये कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर असेल, तर नमुना सरळ बाद.

इतकी सोवळी कशासाठी, ते हिशेबाने कळतं. पाच हजार वर्षांच्या नमुन्यात शेकडा एक भाग आजचा कार्बन मिसळला तर वय सत्तरेक वर्षांनी कमी येतं. कार्बन-१४ पार संपलेल्या नमुन्यात तेवढाच मिसळला, तर यंत्र सांगतं सदतीस हजार वर्षं. अडीच भाग मिसळला, तर तीस हजारांच्या आत. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या सच्छिद्र हाडात भूजल, जिवाणू, मुळं यांना मज्जाव कोण करणार? त्यात संग्रहालयात हाड भुगा होऊ नये म्हणून लाख लावलेली असेल, तर विचारायलाच नको.

म्हणून प्रयोगशाळा प्रत्येक खेपेला खऱ्या नमुन्यांबरोबर दगडी कोळशासारखा कार्बन-१४ नसलेला पदार्थही त्याच सगळ्या प्रक्रियेतून काढतात. हाताळणीत शिरलेल्या कार्बनमुळे त्याचंही ‘वय’ पंचेचाळीस-पन्नास हजार येतं, आणि तेवढा कार्बन बाकीच्या नमुन्यांतून वजा होतो. ही वजाबाकी फिरत्या मजकुरात कधी दिसत नाही.

डायनोसॉरसाठी घड्याळच दुसरं लागतं. हाडाच्या वर-खाली ज्वालामुखीच्या राखेचे थर सापडले, तर त्यांतले झिरकॉन या खनिजाचे स्फटिक वेचून त्यातलं युरेनियम आणि ते फुटून बनलेलं शिसं मोजतात. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षं, त्यामुळे ६ कोटी ६० लाख वर्षांत त्यातलं जेमतेम शेकडा एक संपलेलं असतं.