थ्रॉटल बॉडी इंधन अंतःक्षेपण : दाब-निदान

पेट्रोल एंजिनाच्या थ्रॉटल झडपेच्या (एंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) वर बसवलेल्या, इंधन फवारणाऱ्या एक वा दोन इंजेक्टरांना मिळणारा इंधनदाब मोजून पंप, फिल्टर, रेग्युलेटर (दाब ठरावीक राखणारा भाग) व परतीची नळी (जास्तीचे इंधन टाकीत नेणारी) यांपैकी दोष कोठे आहे, हे ठरवण्याची पद्धत.

थ्रॉटल बॉडी अंतःक्षेपण प्रणालीचा उगम वादाचा आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील विमान-एंजिनांवरील बेंडिक्स-स्ट्रॉमबर्ग दाब-कार्ब्युरेटरात काही जण तिचे मूळ पाहतात. तेथेही इंधन दाबाखाली एकाच ठिकाणी सोडले जाई. मात्र नियंत्रण संपूर्ण यांत्रिक होते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हा निकष धरणे अधिक सयुक्तिक दिसते. तसे धरल्यास आरंभ 1980 च्या सुमारास, अमेरिकेतील फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या महागड्या मोटारींत झाला, असे म्हणता येते. यूरोपात बॉशची मोनो-जेट्रॉनिक ही प्रणाली 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली.

दाबाचे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. जनरल मोटर्सच्या बहुतेक रचनांत तो 9 ते 13 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच; 62 ते 90 किलोपास्कल), मोनो-जेट्रॉनिकमध्ये सुमारे 1 बार (14.5 पीएसआय), तर फोर्डच्या सुरुवातीच्या रचनेत 39 पीएसआयच्या आसपास असे. हा फरक निदानात निर्णायक ठरतो. इंजेक्टरातून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे 11 पीएसआयचे 9 झाले की पुरवठा सुमारे 10 टक्क्यांनी घटतो, तर तेवढीच घट 39 पीएसआयवर 3 टक्केही भरत नाही. शंभर पीएसआयपर्यंतचा गेज (दाबमापक) म्हणूनच कमी दाबाच्या रचनांत कुचकामी; काटा जेमतेम हलतो. फवारा झडपेच्या वर, जवळपास वातावरणीय दाबात पडत असल्याने रेग्युलेटरला बहुधा मॅनिफोल्डच्या (झडपेखालच्या हवामार्गाच्या) निर्वाताची नळी जोडलेली नसते. ती नळी काढून दाब वाढतो का हे पाहण्याची बहुबिंदू प्रणालीतील (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) चाचणी येथे लागू पडत नाही.

अनेक रचनांत चाचणीसाठी वेगळे तोंड नसते. आधी दाब उतरवून गेज फिल्टर व थ्रॉटल बॉडी यांच्या मध्ये जोडतात. दाब कमी असल्यास परतीच्या नळीचा रबरी भाग हळूहळू दाबतात. दाब झपाट्याने चढला तर संशय रेग्युलेटरवर. चढला नाही तर पंप, तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतील पंपाजवळची फुटकी जोडनळी. दाब जास्त असेल, तर परतीची नळी जोडावरून सुटी करून इंधन भांड्यात घेतात. त्याने दाब पूर्ववत झाल्यास अडथळा परतीच्या मार्गात असतो.

एंजिन बंद केल्यावर दाब टिकला नाही म्हणून पंप बदलण्याची घाई मात्र चूक. जनरल मोटर्सच्या काही थ्रॉटल बॉडींत दाब आपोआप उतरावा म्हणून बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. एअर क्लीनर काढला की फवाऱ्याचा शंकू डोळ्यांनी दिसतो, आणि टायमिंग लाइटच्या (ठिणगीच्या ठेक्यात लुकलुकणाऱ्या दिव्याच्या) झोतात त्याचे तुटक ठोकेही दिसतात. एंजिन थांबल्यावर इंजेक्टरच्या टोकाशी थेंब साचत असेल, तर दोष दाबाचा नसून इंजेक्टर वा त्याच्या ओ-रिंगचा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याचा) असतो.