प्रत्यारोपणोत्तर रक्तक्षय

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, तर त्याला प्रत्यारोपणोत्तर रक्तक्षय म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांच्या आत आढळणारा तो लवकरचा, त्यानंतरचा तो उशिराचा.

तांबड्या पेशी बनवा, हा निरोप अस्थिमज्जेला एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक देते आणि ते मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते. म्हणून डायलिसिसवरच्या बहुतेकांना त्याची इंजेक्शने घ्यावी लागतात. नवे मूत्रपिंड नीट चालू लागले की दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन आपोआप वर यायला हवे. ते येत नाही तेव्हा शस्त्रक्रियेतला रक्तस्राव, लोहाची कमतरता, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाची घटती कार्यक्षमता अशी बरीच कारणे तपासावी लागतात. पण प्रत्यारोपण शरीराने नाकारू नये म्हणून रोज घ्यावयाच्या गोळ्यांकडे पाहिल्याशिवाय हा तपास पुरा होत नाही.

या औषधांचा माग बऱ्याचदा साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या कागदावर, तांबड्या पेशींच्या सरासरी आकारमानात, म्हणजे एमसीव्हीत लागतो. १९६०च्या दशकापासून वापरात असलेले अझाथायोप्रिन पेशींच्या डीएनएची जुळणी अडवते; पेशी वाढतात पण वेळेवर दुभंगत नाहीत, आणि एमसीव्ही १०० फेम्टोलिटरच्या पुढे जातो. सिरोलिमसची तऱ्हा उलटी. पॅसिफिकमधल्या रापा नुई बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले हे औषध पेशी लहान करते. लोहाचा साठा पुरेसा असूनही अहवाल लोह कमी असल्यासारखा दिसतो. मायकोफिनोलेट मज्जेची गती मंदावते, पण पेशींच्या आकारावर सहसा ठसा ठेवत नाही. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन मज्जेला फारसे छळत नाहीत. क्वचित मात्र त्यांच्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि स्लाइडवर त्यांचे तुकडे दिसतात.

औषधांची आपसांतली भांडणे अधिक घातक. प्रत्यारोपणानंतर युरिक ॲसिड वाढणे नेहमीचेच. त्याने पायाचा अंगठा सुजला म्हणून कोणी युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल लिहून देतो, रुग्ण अझाथायोप्रिनवर आहे हे विचारायचे राहून जाते. अझाथायोप्रिनचा निचरा ज्या विकराने होतो तेच ॲलोप्युरिनॉल बंद पाडते, आणि काही आठवड्यांत तांबड्या, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट एकदमच घसरतात. दोन्ही द्यायचीच असतील तर अझाथायोप्रिनची मात्रा साधारण चौथाईवर आणून रक्त वारंवार तपासावे लागते. सायटोमेगॅलो विषाणूसाठीचे व्हॅलगॅनसायक्लोव्हिर आणि कोट्रायमोक्सॅझोल हे प्रतिजैविक हेही मज्जेवर भार टाकतात. रक्तदाबाची एसीई रोधक औषधे हिमोग्लोबिन किंचित उतरवतात; गंमत अशी की प्रत्यारोपणानंतर काहींचे हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर चढते, तिथे हाच दोष उपचार ठरतो.

प्रतिकारशक्ती दाबल्याचा एक आडवळणी परिणाम म्हणजे पार्व्हो बी१९ विषाणू. निरोगी माणसात तो फारसा त्रास न देता जातो. इथे तो तांबड्या पेशींच्या मूळपेशींतच मुक्काम ठोकतो. हिमोग्लोबिन सतत घसरते, पांढऱ्या पेशी बहुधा ठीक असतात, आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी, जवळजवळ शून्यावर येतात. प्रतिपिंडांची चाचणी अशा रुग्णात फसवू शकते, कारण प्रतिपिंडे बनवण्याची ताकदच औषधांनी दाबलेली असते. विषाणूचा डीएनए पीसीआरने शोधावा लागतो. उपचार म्हणजे औषधांची मात्रा कमी करणे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे.

घरचे लोक बीट, खजूर, डाळिंब सुरू करतात. त्याने लोहाची मोठी तूट भरून निघत नाही, आणि मज्जा औषधाने दबलेली असेल तर लोह असूनही कामी येत नाही. शिवाय पोटॅशियम आधीच चढे असेल तर हा खुराक महागात पडतो. शाकाहारी रुग्णात बी१२ मात्र जरूर तपासावे. गोळी परस्पर बंद करणे सर्वांत वाईट, कारण त्यात मूत्रपिंडच जाऊ शकते. मात्रा बदलायची ती औषधाची रक्तातली पातळी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहून, प्रत्यारोपण करणाऱ्या पथकानेच. रक्ताची पिशवी चढवणे शक्यतो टाळतात: रक्तदात्याच्या पेशींवरील एचएलए खुणांविरुद्ध (यांवरूनच शरीर आपले-परके ओळखते) प्रतिपिंडे तयार झाली, तर आताच्या मूत्रपिंडाला धोका संभवतो आणि पुढे दुसरे लागलेच तर जुळणारा दाता मिळणे कठीण होते.