गिरमिट (तुळईला वेज पाडण्याचे)

लाकडी तुळई, बहाल किंवा कडीपाटातील कड्या यांतून विजेची नळी वा पाइप नेण्यासाठी आरपार वेज (भोक) पाडणारे सुतारी हत्यार. ड्रिल यंत्रावर चढवायच्या आजच्या प्रकारांना बाजारात सरसकट 'बिट' म्हणतात. मुंबईत १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे अ वर्गातील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या दुरुस्तीत याचे काम वारंवार पडते. त्यांतील पुष्कळ चाळी सागाच्या तुळयांवर उभ्या आहेत.

'गिरमिट' हा शब्द इंग्रजी 'गिमलेट'वरून आला असावा. 'म' व 'ल' यांची अदलाबदल आणि 'ल'चा 'र' ही रूपांतरे बोलीत सहज घडतात, म्हणून हे मत ग्राह्य वाटते. करारबद्ध मजुरीतील 'गिरमिट' ('अ‍ॅग्रीमेंट'वरून) निराळे. दोन्हींचे उच्चार जुळले एवढेच. उत्तरेकडचे कारागीर 'बरमा' म्हणतात. तो शब्द काहींच्या मते संस्कृत 'भ्रम' (फिरणे) यावरून, तर काहींच्या मते फार्सीतून आला. बर्मा सागाशी त्याचा संबंध नाही. धनुकलीने फिरवायचा सामता याहून जुना. पिळाचे गिरमिट इंग्लंडात १७७० च्या सुमारास झाले असे काही मानतात. अमेरिकेत एझ्रा लॉमेड्यू यांना १८०९ मध्ये व रसेल जेनिंग्ज यांना १८५५ मध्ये एकस्वे (पेटंट) मिळाली.

तुळईसाठी पिळाचे गिरमिट सर्वांत भरवशाचे. टोकाचा आटेदार स्क्रू त्याला लाकडात ओढून घेतो आणि पिळातून कीस वर येतो, त्यामुळे खोल वेजही सरळ उतरतो. यंत्र मात्र कमी वेगाचे व दमदार हवे. बिट अडकले तर मनगटाला हिसका बसतो. चपटे पात्याचे बिट स्वस्त व वेगवान, पण पलीकडे निघताना ढलपी उडवते. म्हणून टोक दिसताच थांबून उरलेला वेज दुसऱ्या बाजूने पाडतात. जुन्या तुळईत खिळे हमखास असतात. त्यावर स्क्रूचे टोक क्षणात बोथटते. अशा जागी वाटीच्या आकाराची दातेरी करवत ('होल सॉ') बरी. सागातील वाळूसदृश सिलिकाही धार खाते.

माप अजून सुतात चालते: ८ सूत म्हणजे १ इंच. २० मिमी नळीसाठी ७ सुती (सुमारे २२ मिमी) बिट पुरते. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट या हत्यारांच्या बाजारात सुती व मिमी अशा दोन्ही मापांची बिटे मिळतात. जवळजवळ बसवलेल्या कड्यांमध्ये सरळ यंत्र मावत नाही, तेथे काटकोनी यंत्र लागते.

बिटाच्या निवडीइतकीच जागाही महत्त्वाची. वेज तुळईच्या उंचीच्या मध्यरेषेवर असावा, कारण वाकताना तेथे ताण सर्वांत कमी असतो. ब्रिटिश प्रघातानुसार व्यास उंचीच्या पाव भागापर्यंत आणि जागा आधारापासून गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) ०.२५ ते ०.४ अंतरात, अमेरिकी नियम एक तृतीयांश व्यास चालू देतो. जुन्या, वाळवीची शंका असलेल्या लाकडासाठी पाव भागाची मर्यादाच पाळावी. बिटाबरोबर तेलकट वासाचा, सोनेरी-तपकिरी कीस निघाला तर सागाचे लाकूड त्या जागी निकोप समजावे. मातकट भुकटी आली, तर वेज तेथेच सोडून तुळईची तपासणी आधी करावी.