कोपराखालचा भाता: स्कॉटिश स्मॉलपाइप्सची पार्श्वभूमी

स्कॉटिश स्मॉलपाइप्स, म्हणजे भात्याने हवा भरायची छोटी बॅगपाइप, शिकवणारी वीकेंड कार्यशाळा असली, की शनिवार सकाळचा पहिला तास बहुधा एकही धून न वाजवता जातो. शिकणाऱ्याच्या कमरेला पट्टा, उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी. चँटर, म्हणजे बोटांची भोके असलेली नळी, काढून बाजूला ठेवलेली आणि तिच्या जागी बूच. वाजतात ते फक्त ड्रोन, म्हणजे नुसता सूर धरणाऱ्या नळ्या. उजव्या कोपराने भाता भरायचा, डाव्या कोपराने पिशवी दाबून धरायची आणि सूर डगमगू द्यायचा नाही, एवढेच काम. वर्षानुवर्षे हायलँड बॅगपाइप, म्हणजे तोंडाने फुंकायची मोठी बॅगपाइप, वाजवणारा माणूसही या तासाला घामाघूम होतो, कारण फुंकायची सवय इथे काही कामाची नाही. ज्यांनी बाजाची पेटी वाजवली आहे त्यांना अडचण लगेच कळेल. पेटीत भाता मारणारा हात निदान तेवढ्याच कामाला असतो. इथे भात्याच्याच हाताची बोटे पुढे चँटरवरही चालवायची असतात.

स्कॉट्स भाषेत या वाद्यप्रकाराला ‘कॉल्ड विंड’ पाइप्स म्हणतात, गार वाऱ्याचे. तोंडाने फुंकलेली हवा उबदार आणि दमट. तिने नळीतली पत्ती, म्हणजे थरथरून स्वर काढणारा भाग, भिजते आणि सूर सरकतो. भात्याची हवा कोरडी, म्हणून पातळ, नाजूक पत्ती चालते आणि सूर बराच वेळ जागेवर राहतो. ही युक्ती स्कॉटलंडमध्येच निघाली असे मात्र नाही. जर्मन संगीतकार प्रेटोरियस याने १६१९ मध्ये भात्यावर चालणाऱ्या फ्रेंच पाइपची नोंद केली आहे, आणि सतराव्या शतकात फ्रेंच दरबारी मंडळींत ‘म्युझेट’ नावाचे असेच वाद्य मिरवत होते.

आता आवाजाविषयी, कारण या वाद्याचा सगळा इतिहास त्याच्या आवाजावरच फिरतो. हायलँड पाइपच्या चँटरची आतली पोकळी खाली रुंदावत जाते, आपल्या सनईसारखे. स्मॉलपाइपची पोकळी वरपासून खालपर्यंत एकसारखी, अरुंद. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या नळीतून सप्तकभर खालचा आणि कितीतरी मऊ स्वर निघतो. हायलँड पाइप मैदानासाठी, स्मॉलपाइप माजघरासाठी. बोटे दोन्हीकडे तीच, स्वरही तेच नऊ: षड्जाच्या खालच्या कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत, मधला निषादही कोमल. आपल्या कानाला हा सरळ खमाज थाट आहे. हवा तुटत नसल्याने एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये कणस्वर घालूनच तो वेगळा करावा लागतो. आज सर्वांत जास्त वाजवला जातो तो पांढरी सहाचा संच. त्याचे तीन ड्रोन एकाच खोबणीतून निघतात आणि षड्ज-पंचम धरून ठेवतात. सनईच्या जोडीला बसून नुसता सूर देणारा साथीदार डोळ्यांसमोर आणा. इथे तो वाद्यातच बसवलेला आहे.

अठराव्या शतकापर्यंत दक्षिण स्कॉटलंडच्या सखल भागात आणि इंग्लंडच्या सीमेलगत पाइपवाला हा गावगाड्याचाच भाग होता. अनेक गावे आपला पाइपवाला नेमत. तो पहाटे आणि संध्याकाळी वाजवत गावातून फिरे. जेडबर्ग गावात हे काम हेस्टी घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, वतनच म्हणा ना. किलबार्कनचा पाइपवाला हॅबी सिम्पसन गेल्यावर त्याच्यावर विनोदी विलापिका रचली गेली. तिचा छंद इतका गाजला की त्याला ‘स्टँडर्ड हॅबी’ असे नावच पडले आणि पुढे कवी रॉबर्ट बर्न्सने तो भरभरून वापरला. पाइपवाल्याच्या नावाचा छंद! आपल्याकडे एखाद्या सनईवाल्याच्या वाट्याला असे भाग्य आलेले मला आठवत नाही. ही नेमणुकीची मंडळी रस्त्यावर बहुधा स्मॉलपाइपचा मोठ्या आवाजाचा भाऊबंद, म्हणजे बॉर्डर पाइप वाजवत. स्मॉलपाइप घरातला. एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात १७५७ सालचा ‘माँटगोमरी’ संच आहे, त्यावरून त्या काळच्या घडणीची नेमकी कल्पना येते. काय वाजवत असतील, याचा अंदाज विल्यम डिक्सन याच्या वहीवरून करता येतो. इंग्लंडच्या बाजूला, सीमेलगतच्या नॉर्थंबरलंडच्या या गृहस्थाने १७३३ मध्ये ती लिहायला घेतली. ती पुढे स्कॉटलंडमधल्या पर्थच्या ग्रंथालयात पडून होती आणि पाइपवादक मॅट सिएटल यांनी १९९५ मध्ये छापून आणली. त्यात एकेक चाल घेऊन ती आवर्तनागणिक वाढवत नेली आहे. नुसती नाचाची चार ओळींची धून नव्हे, चांगला विस्तार.

मग हे सगळे थांबले. गावांनी पाइपवाल्याची नेमणूक बंद केली, नाचाला फिडल, म्हणजे व्हायोलिन, आले. सगळा मान हायलँड पाइपकडे गेला: फौजेत तोच, आणि १७८१ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने फॉलकर्कला स्पर्धा भरवली तीही त्याचीच. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत बंडखोर हायलँडवाल्यांचा पराभव झाल्यावर सरकारने कायदा करून बॅगपाइपवर बंदी घातली आणि म्हणून घरातले वाद्य आले, असे अजूनही ऐकू येते. त्या कायद्यात बॅगपाइपचे नावही नाही. सीमेपलीकडे नॉर्थंबरलंडमध्ये मात्र याच कुळातले वाद्य टिकले. तिथे चँटरचे खालचे तोंड बंद करून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला चाव्या बसवून त्याची वेगळीच जात तयार झाली, आणि १९२८ पासून तिला स्वतःची संस्थाही आहे. स्कॉटलंडच्या बाजूला उरले ते प्रामुख्याने संग्रहालयातले नमुने.

हे वाद्य शिकायला कार्यशाळाच का लागते, याचे उत्तर मला वाटते इथे आहे. परंपरा तुटल्यावर गुरूच उरला नव्हता. १९८० च्या सुमारास नॉर्थंबरलंडचेच वाद्य घडवणारे कॉलिन रॉस यांनी जुन्या नमुन्यांवरून आणि स्वतःच्या अनुभवावरून आजचा स्कॉटिश स्मॉलपाइप बेतला, आणि हायलँडवाल्यांना नवी बोटे शिकावी लागू नयेत अशी भोके ठेवली. म्हणजे जुने म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते वाद्य रंगीत टीव्हीच्या वयाचे आहे. हे म्हटलेले काही मंडळींना आवडत नाही, पण त्यात कमीपणा काय? १९८३ मध्ये ‘लोलँड अँड बॉर्डर पाइपर्स सोसायटी’ उभी राहिली, तिने ‘कॉमन स्टॉक’ नावाचे नियतकालिक काढले. पेशाने पशुवैद्य असलेल्या हॅमिश मूर यांनी पाइप घडवण्याचाच धंदा पत्करला आणि १९८५ मध्ये याच गार वाऱ्याच्या पाइप्सची ध्वनिमुद्रिका केली. शिकणारे विखुरलेले, शिकवणारे मोजके. मग एखाद्या गावात सगळ्यांनी शनिवार-रविवार जमायचे, हीच रीत पडली.

येणारे बहुतेक हायलँड वाजवणारेच असतात. त्यांचा पाइप काळी पाचच्याही वर चढलेला आणि भलत्या मोठ्या आवाजाचा, त्यामुळे फिडल किंवा गिटारबरोबर बसायची सोय नाही. स्मॉलपाइपने ती होते. पण त्याआधी सूर लावायचा असतो. दहा जण असतील तर तीस ड्रोन, प्रत्येकाचा सांधा दोऱ्याने गुंडाळलेला. केसभर वर, केसभर खाली सरकवत एकेक ड्रोन बाकीच्यांशी मिळवायचा. त्यात कुणीतरी भाता जोरात दाबतो, त्याचा सूर चढतो, आणि शिकवणारा हात वर करून सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो.