व्हर्च्युअल मशीनचा पत्ता अडतो कुठे?

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, विंडोज चालू झालं, सगळं नीट दिसतंय, पण आयपी पत्ता (नेटवर्कवरचा तिचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होतोय. हे पाहिलं की बहुतेकांचा हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो. त्या आकड्याचा अर्थ मात्र एवढाच, की मशीनने पत्ता मागितला, उत्तर आलं नाही आणि तिने आपणच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. राउटर बहुधा निर्दोष असतो.

नेटवर्कला जोडण्याच्या नॅट पद्धतीत ही मशीन पोटभाडेकरूसारखी राहते. तिचं टपाल यजमान संगणकाच्या (ती ज्यावर चालते त्याच्या) नावाने येतं आणि तो ते आत पोचवतो. ब्रिज्ड पद्धतीत ती नेटवर्कवर स्वतःच्या मॅक पत्त्यानिशी (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकानिशी) उभी राहते. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये हा पत्ता सहसा ०८:००:२७ ने सुरू होतो, लिनक्सवरच्या केव्हीएममध्ये ५२:५४:०० ने. आयपी पत्ता ती थेट डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे पत्ते वाटून देणाऱ्याकडे, मागते: मागणी, देकार, स्वीकार, मंजुरी असे चार निरोप. सर्व्हर ६७ क्रमांकाच्या पोर्टवर (निरोपांच्या क्रमांकित दारावर) ऐकतो, मागणारी मशीन ६८ वर. यजमान संगणकावर वायरशार्क हे नेटवर्कची वाहतूक दाखवणारं सॉफ्टवेअर लावून हे दोन पोर्ट पाहिले, की मागणी बाहेरच पडत नाही, की उत्तर दाराशी येऊन अडतंय, ते लगेच समजतं. सेटिंग उलटीपालटी करत बसण्यापेक्षा हे कधीही बरं.

ब्रिज्ड पद्धतीत यजमान लॅपटॉप वाय-फायवर असेल तर संशय तिथेच घ्या. लॅपटॉपकडून राउटरकडे जाणाऱ्या वाय-फाय फ्रेममध्ये (माहितीच्या पुडक्यात) सहसा तीनच मॅक पत्ते मावतात आणि पाठवणाऱ्याचा पत्ता जोडणी केलेल्या उपकरणाचाच असावा लागतो. दुसराच मॅक पत्ता दिसला की राउटर ती फ्रेम टाकून देतो. त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स जाणाऱ्या फ्रेमवर लॅपटॉपचाच मॅक पत्ता चढवतो आणि येणारी फ्रेम कोणाची हे आयपी पत्त्यावरून ओळखतो. पण आयपी पत्ता अजून मिळालेलाच नसतो, तेव्हा ही ओळख पटवणं अवघड! काही राउटरांशी हे जमतं, काहींशी नाही. केबल जोडा, नाहीतर सरळ नॅट वापरा.

सगळ्यात फसवा प्रकार क्लोनचा. उबंटू सर्व्हर या लिनक्स प्रणालीच्या मशीनची नक्कल केली, मॅक पत्ता आठवणीने बदलला, तरी दोघींना एकच आयपी पत्ता! कारण उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक पत्ता देत नाहीत. ती ओळख 'मशीन-आयडी' नावाच्या फाइलवरून तयार होते, आणि नकलेबरोबर ती फाइलही जशीच्या तशी गेलेली असते. सर्व्हरला दोन्ही मशीन एकच वाटतात, त्यात त्याची चूक नाही. नकलेतली फाइल रिकामी करून मशीन पुन्हा सुरू केली की नवी ओळख तयार होते.

लिनक्सच्या यजमानावर कालपर्यंत चालणारा ब्रिज (ब्रिज्ड पद्धतीसाठीचा जोड) डॉकर हे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर बसवल्यावर मुका झाला, तर फायरवॉल, म्हणजे वाहतूक अडवणारे नियम, पाहा. डॉकर पुढे पाठवायच्या पॅकेटांना मुळातच मनाई करून ठेवतो, आणि ब्रिजवरची वाहतूकही त्या नियमांखाली येऊ शकते. ब्रिजवर एसटीपी (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणारी व्यवस्था) चालू असेल तर नवी जोडणी पहिले ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही, तेवढ्यात काही मशीन मागून मागून थकतात. ऑफिसमध्ये आणखी एक अडसर असतो: एका पोर्टवर, म्हणजे केबलच्या खाचेवर, एकच मॅक पत्ता चालेल, असा नियम स्विचवर (केबली जिथे जोडतात त्या डब्यावर) लावलेला असतो. तो तुमच्या संगणकावरून बदलता येत नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडे मशीनचा मॅक पत्ता देऊन परवानगी मागावी लागते.